एल्डनच्या बंदुकीचा पीळ

यंदा मेव्हण्याचं नाक कापायचंच, असं एल्डनने चर्चच्या पायरीवर जाहीर केलं आणि त्याच भरात पाद्रीबाबांना रविवारी सहकुटुंब जेवायला बोलावलं. जेवायला काय? तर नेमबाजीत जिंकलेली, धुरी दिलेली डुकराची अख्खी तंगडी! स्पर्धा अजून व्हायची होती.

"आधी जिंक तरी!" बायको, वर्ना, किंचाळली.

"माप घेतलंय मी!"

घेतलं होतं खरं. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत घट्ट चिंधी लावलेला गज सरकवायचा. नळीच्या आत कोरलेल्या पिळाबरोबर तो फिरतो. एक फेरा किती इंचांत पुरा होतो, ते मोजायचं. निघाले अठ्ठावीस! एवढा घट्ट पीळ म्हणजे लांबट गोळीच हवी! आजोबांच्या गोल गोळ्या त्याने खुराड्यामागे भिरकावल्या.

शनिवारी मैदानावर मेव्हणा क्लेटस हबकलाच. "दाजी, ह्या नळीत लांबट गोळी? अहो, हिचा पीळ सैल! गोळी कोलांट्या खाईल!"

"तू तुझं बघ!"

क्लेटसच्या चार गोळ्या झकास लागल्या. पाचवा बार फुसका निघाला, आणि तंगडी तर पाचही लागलेल्यालाच मिळणार होती. एल्डन गालात हसला.

मग त्याने स्वतः नेम धरला. पहिल्या तीन गोळ्या कुठे गेल्या, देव जाणे! चौथीने निशाणाच्या कागदाच्या कोपऱ्यात भोक पाडलं, तेही आडवं, गोळी झोपून गेल्यासारखं! पाचवा बार उडाला आणि सगळे कागदांकडे धावले. आडवं भोक पडलं होतं अगदी मधोमध. शेजारच्या, क्लेटसच्या कागदावर!

"ज्याचा कागद, त्याचं भोक," पंच थर्मन म्हणाले. "तंगडी क्लेटसची."

"हा कुठला नियम?" एल्डन ओरडला.

"गेल्या वर्षी तूच भांडून करून घेतलास की!"

एल्डन मटकन खाली बसला. वर्ना शेजारी येऊन टेकली.

"तू माप घेत होतास, तेव्हा मी स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली ना?"

"मारलीस. मग?"

"दर वेळी गज मुठीत धरून तू गर्रकन वळलास, गजही तुझ्याबरोबर फिरला!"

एल्डनने आ वासला. "म्हणजे तो पीळ..."

"नळीत नव्हता रे. तुझ्यात होता!"

रविवारी पाद्रीबाबा क्लेटसकडे जेवायला बसले. एल्डन आणि वर्नालाही बोलावणं होतंच. "ज्या हाताने ही तंगडी मिळवून दिली, देवा, त्याचं भलं कर!" बाबांनी प्रार्थना केली.

सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणाला तो एल्डन.