पाच वाजताचा कार्यक्रम, दोन वाजताची बातमी

मंगळवारी दुपारी दोन वाजता बातमीदाराने संध्याकाळी पाचच्या कार्यक्रमाची बातमी लिहून हातावेगळी केली आणि पंख्याखाली पाय ताणले. यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. एकवीस वर्षे तो हेच करत आला होता. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, 'होणार आहे'च्या जागी 'झाला' लिहायचे, वरून टाळ्यांचा कडकडाट शिंपडायचा, की बातमी तयार. अध्यक्ष काय बोलणार आणि आभार कोण मानणार हे सगळे आधीच ठाऊक असताना तिथे जाऊन बसण्यात काय हशील, असा त्याचा सवाल असे.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती, हे त्याला कळत होते. सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाई चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होत्या. तो शाळेत असताना त्यांच्याच वाचनालयाच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायला शिकला होता. आपल्याला ही नोकरी मिळाली तीही बाईंनी संपादकांना चार शब्द सांगितले म्हणून, हेही तो विसरला नव्हता. त्यामुळे आज जायचेच, असे त्याने पक्के केले होते. बातमी आपली हाताशी असावी म्हणून लिहून ठेवली, इतकेच. तीन वाजता तो घरी गेला आणि दहा मिनिटे पाठ टेकावी म्हणून आडवा झाला. जाग आली तेव्हा घड्याळात पावणेसात वाजले होते.

सकाळी बायकोने चहाचा कप पुढे केला तो वर्तमानपत्रासकट.

"'खचाखच भरलेल्या सभागृहात ग्रंथपालबाईंना भावपूर्ण निरोप'," तिने वाचले. "'सत्काराला उत्तर देताना बाईंना अश्रू आवरेनात. उपस्थितांचेही डोळे पाणावले.' अहो, हे तुम्ही लिहिलंय?"

"मग कोण लिहिणार?"

"तुम्ही तर पावणेसातपर्यंत घोरत होता."

"निरोप समारंभात माणसं रडतातच. त्याला मी तिथं कशाला पाहिजे?"

बायकोने कप उचलून नेला, आणि त्यात अजून अर्धा चहा होता.

मनाला थोडी रुखरुख होतीच, पण रस्त्यावर पाऊल टाकताच ती पळाली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुकानातूनच हात केला. "काय कार्यक्रम झाला हो काल! मला तर बसायला जागा नाही मिळाली. मागं भिंतीला टेकून उभा होतो."

बातमीदाराला हायसे वाटले. पुढे शिंप्याने मान वर केली. "बाई बोलायला लागल्या आणि मला रुमाल काढावा लागला बघा. तुम्हालाही पाहिलं की मी, पुढच्या रांगेत लिहीत बसला होता."

इथे बातमीदार जरा अडखळला. आपण पुढच्या रांगेत नव्हतो, हे त्याला नक्की माहीत होते. पण गर्दीत माणसाची गफलत होते, असे म्हणून त्याने पाय उचलला. कचेरीत पोहोचेपर्यंत वाचनालयाच्या अध्यक्षांचाही फोन येऊन गेला होता. भाषण अगदी शब्दशः आले, असा निरोप त्यांनी ठेवला होता. हे ऐकून बातमीदाराची छाती थोडी फुगली सुद्धा.

अकरा वाजता ग्रंथपालबाई आल्या. काखेत जाडजूड कात्रणवही, हातात आजचे वर्तमानपत्र. त्या त्याच्या टेबलासमोर बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

"बाई, अभिनंदन," तो उठून म्हणाला. "फार छान झाला म्हणे कार्यक्रम."

"कुठला?"

"तुमचा. कालचा."

"तोच विचारायला आले," बाई म्हणाल्या. "ही जी बातमी आहे, ती कुठल्या वाचनालयाची? कारण आमच्याकडे पाच ते सात मी होते आणि शिपाई होता. त्यानं बिचाऱ्यानं साठ खुर्च्या मांडल्या होत्या. एक गृहस्थ आले, पण ते पोस्टाचा पत्ता विचारायला आले होते."

बातमीदाराने खुर्ची पुढे ओढली. "आणि अध्यक्ष?"

"साडेचारला त्यांचा फोन आला. परगावी अडकलोय, तुम्ही सुरू करा, म्हणाले."

"प्रमुख पाहुणे?"

"त्यांना सर्दी झालीये. सातला आम्ही दोघांनी खुर्च्या उचलल्या. तीस त्यानं, तीस मी." बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. तो चढला असता तर बातमीदाराला बरे वाटले असते. "मला दुरुस्ती पाहिजे. कार्यक्रम झाला नाही, एवढंच छापा."

प्रकरण संपादकांच्या खोलीत गेले. संपादकांनी सगळे ऐकून घेतले आणि टेबलावरची पत्रे बाईंसमोर सरकवली.

"बाई, सकाळपासून चौदा फोन आलेत. सगळे कालच्या कार्यक्रमाला हजर होते. एका निवृत्त इंजिनिअरांनी तर तुमच्या भाषणावर दोन पानी पत्र पाठवलंय. त्यातला एक मुद्दा त्यांना पटला नाही, बाकी आवडलं म्हणतात. आता चौदा माणसं एकीकडे आणि तुम्ही एकट्या एकीकडे. मी काय छापू?"

"मी तिथं होते," बाई म्हणाल्या.

"ते खरं. पण तुमचा मान राहिला की नाही? लोकांना वाटतंय गाव लोटलं होतं. कशाला उगाच उकरून काढायचं?"

"माझं ठीक आहे हो. पण ही वही वाचनालयात राहणार. पन्नास वर्षांनी कुणीतरी नवा ग्रंथपाल ती उघडेल. त्याला वाटेल, या गावात बोलावलं की माणसं येतात. तो साठ खुर्च्या मांडेल आणि बसेल वाट बघत. तुमच्या भरवशावर."

संपादक खिडकीबाहेर पाहू लागले. बाईंनी वही उघडून बातमीदारापुढे ठेवली. "तू बघ तरी. यात बसते का तुझी बातमी, सांग."

वाचनालयाविषयी छापून आलेली एकूण एक बातमी तिथे तारीखवार चिकटवलेली होती. गेल्या एकवीस वर्षांतली जवळजवळ सगळी त्याचीच. आणि प्रत्येक कात्रणाखाली बारीक, वळणदार अक्षरांत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले होते.

'वाचक मेळाव्याला प्रचंड प्रतिसाद', हे त्याचे कात्रण. खाली पेन्सिलीत: 'हजर: नऊ. पैकी चार कर्मचारी. बातमीदार: नाही.'

'व्याख्यानाने श्रोते मंत्रमुग्ध.' खाली: 'हजर: सहा. वक्ते आले नाहीत. बातमीदार: नाही.'

त्याने पाने उलटली. बातमीदार: नाही. बातमीदार: नाही. एका ठिकाणी त्याला आशा वाटली, कारण ओळ जरा लांब होती. त्याने वाकून वाचले: 'बातमीदार: नाही. दुसऱ्या दिवशी चहाला आला.' त्याचे कान तापले. आपण एकवीस वर्षे सगळ्यांना फसवतो आहोत, अशी त्याची समजूत होती. आता कळत होते की निदान एक माणूस दर वेळी दारात उभे राहून आपली वाट बघत होते आणि मग आत जाऊन पेन्सिलीला टोक काढत होते. मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, हे त्याला त्या खुर्चीत समजले.

"बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत," तो कसाबसा म्हणाला.

"लहानपणी तू पेपरातली चित्रं ब्लेडनं कापून न्यायचास, तेव्हा तरी कुठं बोलले? म्हटलं, पोराला आवड आहे वाचनाची." त्यांनी चष्मा लावला. "दुसऱ्यांच्या कार्यक्रमांचं मी पेन्सिलीवर भागवलं. ते माझं चुकलंच. पण काल मी स्वतः तिथं बसले होते रे. माझ्याबद्दल खोटं लिहिलेलं माझ्याच हातानं चिकटवायला मन होईना."

बातमीदाराला मान वर करता येईना.

संपादकांनी मात्र घसा साफ केला. "तुमच्या भावना समजल्या. पण वर्तमानपत्राची विश्वासार्हता म्हणून काही असते. समाज आमच्याकडे बघतो. बघू ही वही." त्यांनी ती ओढून घेतली, पाने चाळली, आणि एका पानावर थबकले. तिथे त्यांचा स्वतःचा फोटो होता. 'नव्या दालनाचे संपादकांच्या हस्ते उद्घाटन', आणि खाली अर्धा रकाना त्यांचे भाषण. त्याच्याखाली पेन्सिलीत लिहिले होते: 'संपादक: नाहीत. भाषण: नाही. फीत शिपायाने कापली.'

मग संपादकांनी वही मिटली, दोन्ही हातांनी बाईंना परत केली आणि बातमीदाराला म्हणाले, "लिही दुरुस्ती. पहिल्या पानावर घेऊ."

त्याने लिहिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला एका बातमीला दीड तास लागला. 'मंगळवारचा निरोप समारंभ झाला नाही. ग्रंथपाल आणि शिपाई यांच्याखेरीज कोणीही आले नव्हते. बातमीदारही गेला नव्हता. तो घरी झोपला होता. त्याला याची लाज वाटते.' संपादकांनी शेवटचे वाक्य खोडले. थोड्या वेळाने त्यांनी ते पुन्हा लिहिले.

गुरुवारी तो मान खाली घालून घराबाहेर पडला. लोक चार शब्द सुनावतील, अशी त्याची तयारी होती. पण औषधवाला त्याला पाहताच खाली वाकून खोके शोधू लागला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत ते त्याला सापडले नाही. शिंपी मशिनवरून नजर न उचलता म्हणाला, "मी गेलो तो बहुतेक दुसराच कुठला तरी कार्यक्रम असेल." इंजिनिअरांनी पत्र परत मागवून घेतले. दुपारी अध्यक्षांचा फोन आला. आधी त्यांनी पाच मिनिटे आरडाओरडा केला. मग रविवारी पाच वाजता समारंभ पुन्हा ठेवल्याचे त्यांनी सांगितले.

रविवारी बातमीदार सव्वाचारलाच पोहोचला. तरी त्याला पुढच्या रांगेत जागा मिळाली नाही. आपण आलेले सगळ्यांना दिसावे म्हणून सगळे गाव आधीच येऊन बसले होते. साठ खुर्च्या केव्हाच संपल्या. औषधवाला खरोखरच मागे भिंतीला टेकून उभा होता. प्रमुख पाहुणे रुमाल घेऊन आले. बातमीदाराने आपली वही उघडली आणि जिवाचे कान करून ऐकू लागला.

अध्यक्ष बोलले. बातमीदाराचा हात थांबला. हे भाषण त्याने मंगळवारी दोन वाजताच लिहिले होते, आणि अध्यक्ष ते शब्दशः म्हणत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग बाई उठल्या.

"मंगळवारीही मी इथं उभी होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा फार शांतता होती. आजची शांतता त्याहून बरी आहे." पुढे त्यांना बोलता येईना. अश्रू आवरेनात. उपस्थितांचे डोळे पाणावले. बातमीदाराचेही पाणावले, आणि ते लिहायला त्याच्याकडे दुसरे शब्द नव्हते.

कचेरीत जाऊन त्याने प्रामाणिकपणे बातमी लिहिली. संपादकांनी ती वाचली, बुधवारचा अंक काढून शेजारी ठेवला, पुन्हा वाचली.

"अरे, ही तर छापून झालीये."

"पण आता ती खरी आहे, साहेब. मी तिथं होतो."

"असशील. पण एकच बातमी एका आठवड्यात दोनदा कशी छापू? तीही मधे दुरुस्ती देऊन? लोक हसतील."

सोमवारी सकाळी तो रिकाम्या हाताने वाचनालयात गेला. बाई शेवटची आवरासावर करत होत्या. कात्रणवही नव्या ग्रंथपालासाठी टेबलावर ठेवलेली होती.

"बाई, बातमी आली नाही," तो म्हणाला. "चिकटवायला काहीच नाही माझ्याकडे."

"माहीत आहे. सकाळीच पेपर बघितला."

त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. डावीकडे दुरुस्तीचे कात्रण होते. उजवीकडचे पान कोरे होते, आणि त्याच्या अगदी खाली, नेहमीच्या जागी, पेन्सिलीने लिहिलेले होते:

'रविवार. हजर: दोनशे अकरा. बातमीदार: आहे. बातमी: नाही.'