लाल चिठ्ठीची गाडी

सावळीराम पगारे यांच्या गाडीतला गिअरचा काटा एक घर पुढे दाखवत असे. गाडी सतरा वर्षांची, ऑटोमॅटिक, सेकंडहँड. गिअरच्या दांड्याशेजारी एक पट्टी आणि तिच्यावर चार अक्षरं: उभी करायला पी, मागे न्यायला आर, मोकळी सोडायला एन, पुढे न्यायला डी. दांडा पीवर असला की काटा आर दाखवायचा. आरवर असला की एन. डीवर असला की अक्षरं संपून कोऱ्या जागेत जाऊन थांबायचा. गाडी व्यवस्थित चालायची, फक्त स्वतःबद्दल खोटं सांगायची.

सावळीराम ओझरच्या कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं होते. सदोष भागाला लाल चिठ्ठी बांधायची आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची, ही त्यांची तिथली सवय. गाडी घरी आली त्याच दिवशी त्यांनी आरशाच्या दांडीला लाल चिठ्ठी बांधली. 'सदोष. दुरुस्त होईपर्यंत एकट्याने चालवू नये.' खाली सही आणि तारीख. त्या तारखेला आता दोन वर्षं होत आली होती. स्वतः सावळीराम रोज एकटेच गाडी घेऊन जात. चिठ्ठी लताबाईंसाठी होती.

लताबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि पहिल्याच चाचणीत पास झाल्या. त्या काट्याकडे बघतच नसत, खटके मोजत. दांडा वर टोकाला असला की गाडी उभी, एक खटका मागे, तीन खटके पुढे. दोन वर्षांत त्यांचा एक खटका चुकला नव्हता. पण त्या चालवायला बसल्या की शेजारी सावळीराम असत, आणि आडगाव नाका दिसायच्या आधीपासून ब्रेक, ब्रेक म्हणत.

येवल्याला लताबाईंची बहीण होती, कुसाबाई. तिने चाळीस वर्षं पैठणी विणली. आता गुडघे गेले, आणि येत्या रविवारी घरातला माग उतरवायचं ठरलं. तिने फोन केला. "तू एकटीच ये," ती म्हणाली. "दाजी आले की संगं घड्याळ येतं."

सावळीरामांचं म्हणणं, एसटी आहे की. लताबाई जन्मभर एसटीनेच गेल्या होत्या आणि जन्मभर बहिणीचा चहा अर्धा टाकून पाचची गाडी पकडायला उठल्या होत्या, कारण सावळीराम आठला जेवत. या वेळी त्यांना माग पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं होतं.

"काटा दुरुस्त झाला तर जाऊ ना एकटी?" त्यांनी मंगळवारी अंगणात विचारलं.

"झाला तर जा. मी कुठं अडवतोय?"

सावळीराम हे निर्धास्तपणे म्हणाले, कारण गाडी मेकॅनिककडे न्यायची की नाही हे तेच ठरवत असत. पण कंपाउंडपलीकडे गोजराबाई कपडे वाळत घालत होत्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या चौघींनी लताबाईंना विचारलं, रविवारी निघणार ना. आता शब्द पाळणं भाग होतं.

दुसऱ्याच्या कामावर सावळीरामांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी दोन रात्री विचार केला. काटा सरकवायचा तर आतली तार बघावी लागणार, म्हणजे मेकॅनिक आला. पण काटा एक घर पुढे असेल, तर अक्षरंच एक घर पुढे सरकवली की झालं. गुरुवारी त्यांनी पट्टी काढून टेबलावर घेतली. जुनी अक्षरं घासून काढली आणि भिंग लावून, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडू न देता, नवी लिहिली. रंग पक्का वाळायला पट्टी रविवारपर्यंत कपाटात ठेवली. बायकोने विचारलं तेव्हा पट्टी साफ करतोय एवढंच सांगितलं. काम पूर्ण होण्याआधी त्याबद्दल बोलायची त्यांना सवय नव्हती.

पट्टी साफ करून काटा कसा दुरुस्त होणार, हे लताबाईंना समजेना. शुक्रवारी सावळीराम विहाराच्या कमिटीच्या मीटिंगला पायी गेले, तेव्हा त्या बिनपट्टीची गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या बहिरूच्या गॅरेजमध्ये गेल्या. काटा एक घर पुढे आहे, म्हणाल्या. बहिरूने खालून हात घातला.

"तार एका खाचेनं सरकलीय, मॅडम. दोन वर्षं एवढ्यासाठी?"

सात मिनिटांत काटा एक घर मागे आला. समोर अक्षरं नव्हती, त्यामुळे पडताळून बघायचा प्रश्न आला नाही. रविवारी निघताना सांगू, असं लताबाईंनी ठरवलं. आधी सांगितलं असतं, तर सावळीरामांनी बहिरूच्या कामाला दुसरी चिठ्ठी बांधली असती.

रविवारी सकाळी साडेआठला लताबाई स्टीअरिंगवर बसल्या होत्या. मागच्या सीटवर पिशवी, बहिणीसाठी डबा. जुनं इंजिन दहा मिनिटं तापवायचं, हा सावळीरामांचाच नियम, म्हणून गाडी सुरू होती. हँडब्रेक त्यांनी नुकताच सोडला होता. सावळीराम पट्टी घेऊन आले, वाकले आणि ती जागच्या जागी दाबून बसवली. मग बघितलं. काटा पीच्या एक घर अलीकडे, कोऱ्या जागेत उभा होता.

"दांडा नीट बसलेला नाही," ते म्हणाले.

"बसलाय. वर टोकाला आहे."

"काटा काय म्हणतोय ते बघ. उतर खाली."

लताबाई उतरल्या. सावळीराम बसले, ब्रेक दाबला, दांडा एक खटका ओढला. काटा बरोबर पीवर आला. त्यांनी समाधानाने ब्रेकवरचा पाय काढला.

गाडी मागे निघाली. सावळीरामांनी काट्याकडे बघितलं. काटा पीवर होता. पीवर असलेली गाडी हलू शकत नाही, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला नाही. फाटकातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून गाडी समोरच्या सिमेंटच्या बाकावर आदळली. बाकाची पाठ पडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सप्रेम भेट: सावळीराम पगारे, निवृत्त तपासणी अधिकारी.'

आवाज ऐकून गोजराबाई आणि आणखी चारपाच माणसं येईपर्यंत सावळीराम इंजिन बंद करून गाडीपासून दहा पावलं लांब उभे होते.

"काय झालं भाऊ?"

"लताच्या हातून झालं," सावळीराम म्हणाले. "नवा हात."

मग आणखी माणसं आली. सावळीरामांनी हेच तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यात बायकोने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबल्याची भर पडली होती. चांदवडहून मुलीचा, भाग्यश्रीचा फोन आला, तेव्हा मम्मीचा हट्ट होता, असंही ते म्हणाले.

लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गाडीत वाकून पट्टी काढली आणि उन्हात धरली. अक्षरं सरळ, देखणी होती.

"ही कधी लिहिलीत?"

"गुरुवारी."

"काटा मी शुक्रवारी बहिरूकडून नीट करून आणला."

सावळीरामांना हिशेब समजायला फार वेळ लागला नाही. अक्षरं एक घर पुढे, काटा एक घर मागे, म्हणजे पी दिसत होता तेव्हा गाडी आरवर होती. ते जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "आता लोकांना सांगत बसू नको."

"नाही सांगत."

लताबाईंनी आरशाची लाल चिठ्ठी सोडली, घरात गेल्या, पाण्याची बाटली घेऊन परत आल्या आणि स्टीअरिंगवर बसल्या. मागचा बंपर एका बाजूने लोंबत होता, तो गोजराबाईंनी ओढणीने बांधून दिला.

"आत्ताच धडकवलीस आणि परत चाललीस?" सावळीरामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"कशी धडकवली ते सांगू का?"

सावळीराम गाडीसमोरून बाजूला झाले. तीन खटके वाजले. गाडी निफाडच्या रस्त्याला लागली.

रात्री पावणेआठला येवल्याहून फोन आला. मागाचे अजून दोनच खांब निघाले होते, लताबाई मुक्काम करत होत्या. सावळीराम स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर कुकर होता, आत भिजलेले डाळतांदूळ. कुकरच्या कानाला त्यांचीच सही असलेली लाल चिठ्ठी बांधली होती. 'सदोष. दुरुस्त होईपर्यंत एकट्याने चालवू नये.'

त्यांनी ती उलटून बघितली. मागे शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तीन शिट्ट्या. मोजा.'