डोळे मिटून दाखवलेला बुरूज

“सगळं मीच सांगायचं. आणि मग आठ दिवस फुगलेलं तोंडही मीच बघायचं,” सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

पुढे सासरे गाडी चालवत होते आणि बाकी तिघं जीव मुठीत धरून बसली होती. मघाशी त्यांनी मैलाच्या दगडाला बकरी समजून हॉर्न दिला, आणि पुढे खऱ्या बकरीला दिलाच नाही. बकरी शहाणी म्हणून वाचली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे घरात सगळ्यांना कळलं होतं. पण जन्मभर मोजणी खात्यात केसासारख्या रेघांचे नकाशे काढलेल्या माणसाला ‘तुम्हाला दिसत नाही’ हे सांगणार कोण? त्यासाठीच तर ही सहल! नदीकाठची जुनी ठिकाणं दाखवायची, स्वारी खुशीत आली की सांगून टाकायचं, आणि परतीच्या वळणावळणाच्या रस्त्याला गाडीची किल्ली मुलाने घ्यायची.

सांगायची पहिली पाळी मुलाची, जुन्या दगडी पुलावर होती. तो कठड्यापाशी गेला, घसा खाकरला आणि पूल मजबूत आहे म्हणाला. सासूबाईंची पडक्या पाणचक्कीपाशी. त्यांनी अहोंना बाजूला नेलं, वारं सुटलंय, मफलर गुंडाळा म्हणून सांगितलं आणि परत आणलं. आता उरला टेहळणीचा बुरूज, आणि उरली सून.

“बुरूज मी डोळे मिटून दाखवतो,” सासरे म्हणाले.

दाखवलाही तसाच. बुरूज पुढच्या टेकाडावर ऐटीत उभा होता. गाडी थांबली ती अलीकडच्या गोल दगडी पंपघरासमोर. ‘बाबा’ म्हणायला सुनेने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून निवृत्त शिक्षिकांची मिनीबस येऊन थांबली आणि वह्या-पेनांसकट पंधरा जणी खाली उतरल्या.

श्रोते मिळाल्यावर सासऱ्यांना काय, चेव चढला. हवा खेळायच्या झरोक्यांतून त्यांनी तोफा डागल्या. आतून घुमणारा आवाज कसला, असं एका बाईंनी विचारलं, तर त्यांनी भिंतीखालच्या भुयारातून नदीच सोडली. बाईंनी खात्रीसाठी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान डोलावली. झालं, तीही कटात सामील!

इतक्यात धुतलेला बनियन कठड्यावर वाळत घालायला पंप ऑपरेटर बाहेर आला. यांच्या कित्येक पिढ्या इथे पहाऱ्यावर होत्या, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं. मी गेल्या महिन्यात बदलीवर आलोय, असं तो बिचारा म्हणाला. बायकांना त्याचा विनय फारच आवडला. त्याचा फोटो निघाला, बनियनसकट.

मग कुणीतरी शिलालेख वाचून दाखवायची विनंती केली. शिलालेख म्हणजे भिंतीवरच्या विजेच्या लोखंडी पेटीची लाल पाटी. सासरे पुढे झाले. पाटीवरून बोट फिरवत त्यांनी एक शूर किल्लेदार, त्याचा भाऊ आणि पुराच्या पाण्यातली लढाई असं सगळं वाचलं. पंधरा पेनं खाली वाकून लिहीत होती. पाटीवर शब्द होते जेमतेम चार.

“यामागे दिव्याचा कोनाडा असणार,” असं म्हणून त्यांनी पेटीच्या कडीला हात घातला.

“बाबा, हात लावू नका!” सून किंचाळली.

“का?”

“लिहिलंय तिथे.”

“काय लिहिलंय?”

सुनेने आधी मुलाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. मुलगा नदीकडे वळून, नदी आत्ताच आल्यासारखी तिला न्याहाळू लागला. सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. बायका पेन उचलून थांबल्या. ऑपरेटरने काही बोलायला तोंड उघडलं, पण या चौघांकडे बघून त्यानेही मिटलं.

सासऱ्यांनी कडीवरचा हात काढला. चेहरा पाटीच्या अगदी जवळ नेला, नाक टेकेल इतका. मग मागे घेतला. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

“वाच ना, सूनबाई,” ते हळूच म्हणाले. “मला दिसत नाही.”