हंड्याच्या बुडाशी कडी बसली त्याची हकीगत

गजाननास नमन, वाचणारास उदंड आयुष्य. शके सोळाशे ब्याण्णव, चैत्र शुद्ध सप्तमीस राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. सरकारी तांबटखान्याचा कारभार म्हाळसाबाई तांबटीण पाहात होत्या, आणि हाताखाली छत्तीस कारागीर ठोके घालीत, आणि दिवाणजींची आज्ञा आली की नवा हंडा काढावा, गळ्यावर मोर कोरावे, दसऱ्यापावेतो रयतेस पसंत पडला तर बरे, नाही तर कारखाना मोडून छत्तिसांस घरी बसवावे.  मग बाईंनी विहिरीवर कारकून पाठविले, आणि ते पगडी बांधोन, शिपाई संगे घेऊन पुसते जाहले की, हंड्याची काही अडचण आहे काय. बायकांनी पदर सावरोन सांगितले, "सरकारच्या कृपेने हंडा उत्तम आहे." कारकून संतोषाने माघारे आले. बाई मनात म्हणाल्या, पगडीपुढे अडचण सांगेल ऐसी बाई अजून जन्मायची आहे. आणि आपणच हंडा घेऊन निघाल्या.

भर दुपार, विहिरीवर चिटपाखरू नाही. बाईंनी हंडा भरिला आणि डोईवर घेऊ गेल्या, तो गुडघ्याच्या वर येईना. वीस वर्षे हंडे घडविले, नाद पाहिला, गळती पाहिली. भरलेला एकदाही उचलिला नव्हता, कारण घरी पाणी गडी आणीत. बाई खजील होऊन बसोन राहिल्या. मग घटकाभराने ठकू नामे कोणाची सून पाण्यास आली.

"हात लावायला कोणी नाही म्हणून बसलात ना, मावशी? सगळ्याच बसतात. तोवर चुलीवरचं करपतं."

"मग कारकुनाला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी हंड्याचं विचारलं. हंडा चांगलाच आहे की. उचलू लागायला दुसरी बाई नाही, हे हंड्यात कुठं येतं?"

"येतं, बये. दाखव, हात कुठं निसटतो?"

ठकूने बुडाकडे बोट केले. मग बाईंनी मोर रहित करविले आणि बुडालगत कडी जडविली, आणि हंडा भरोन दरबारी नेला, आणि ठकूसही नेले.

दिवाणजी बोलिले, "कडी बुडाशी? तेथे दिसणार कोणास?"

"दिसायची नाही, सरकार, धरायची आहे."

मग ठकूने एक हात गळ्यास, एक कडीस घालून हंडा मांडीवर घेतला, मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोईवर, आणि मुजरा न करिता दरवाज्याकडे चालू लागली.

"कोठे चाललीस?"

"घरी. भरलेलं पाणी सांडू का आता?"

दिवाणजी हासले, आणि तैसेच चारशे हंडे करावे म्हणून हुकूम जाहला.

सारांश, कारखाना राहिला, छत्तिसांपैकी एकही घरी बसला नाही. ठकूने नेलेला हंडा सरकारात परत आला नाही, आणि मागावयास कोणी गेलेही नाही. लेखनसीमा.