डबी ओली ठेवावी

सकाळपासून पावसाची झड लागली आणि दातांच्या डॉक्टरांचे पेशंट एकेक करून फोनवरच बरे होऊ लागले. दुपारपर्यंत सगळे बरे झाले आणि डॉक्टर मोकळे झाले.

अगदी मोकळे मात्र नव्हते. पाच वाजता सासूबाईंच्या घरी जाऊन त्यांना कवळी बसवायची होती. ती आजवर अनेकदा बसवून झाली होती. दरवेळी सासूबाई तिच्या डाव्या कडेवर बोट ठेवून "इथे बोचते" म्हणत आणि दरवेळी डॉक्टर भिंगातून पाहून "तिथे बोचूच शकत नाही" असा निर्वाळा देत. काल सासूबाईंनी निर्वाणीचे सांगितले होते, "उद्या बोचली, तर मी तुमच्या समोरच्याकडे जाणार."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दातांचा डॉक्टर. जावई म्हणून सासूबाईंची पहिली पसंती तोच होता. त्याच्या खुर्चीत बसून त्यांनी आ केला असता, तर आपल्या डॉक्टरांना कुठेच तोंड दाखवायची सोय उरली नसती.

तेवढ्यात मेव्हणा दारात आला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवत असे आणि पावसामुळे त्याचेही शिकाऊ आज घरीच होते.

"भाऊजी, उठा. नदीचं पाणी गढूळ झालंय. मासे नुसते तुटून पडतायत."

"पाच वाजता तुझी आई आहे."

"आई कायमच आहे. मासे आज आहेत."

युक्तिवाद बिनतोड होता. डॉक्टरांनी कवळीची डबी बायकोकडे दिली. ती माहेरीच निघाली होती. गांडुळांची डबी त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. डॉक्टर स्वच्छतेचे भोक्ते होते. गांडुळे मातीत ठेवणे त्यांना पटत नसे, ते ती ओल्या कापसात ठेवत. कवळी सुकली की वाकते, म्हणून तीही ओल्या कापसात. दवाखान्यातल्या डब्या सगळ्या एका मापाच्या, पांढऱ्या. दोन्ही झाकणांवर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले होते, 'ओली ठेवावी'.

नदीकाठी दोघे एका छत्रीत बसले. मेव्हण्याने आमिषासाठी डबी उघडली आणि तो बराच वेळ आत पाहत राहिला.

"भाऊजी, गांडुळं हसतायत."

डॉक्टरांनी डबी हिसकावली. कापसात सासूबाईंची कवळी पहुडली होती.

"मग गांडुळं कुठे आहेत?" मेव्हण्याने विचारले आणि उत्तर त्याचे त्यालाच सुचले. "अरे देवा! आई चष्मा न लावता कवळी घालते!"

डॉक्टरांनी एका हाताने कवळी छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने सासरी फोन लावला. बायको उचलेल अशी आशा होती. उचलला सासूबाईंनी.

"पोचली हो डबी. आता उघडतच होते."

"नको! आई, उघडू नका! तिला हवा लागली की ती वाकते."

"आणि माझ्या तोंडात हवा नसते वाटतं?"

"ती... अजून पक्की व्हायचीय. पाच वाजता मीच उघडतो."

"पाच म्हणजे पाच. मग मी आणि समोरचा."

फोन ठेवून डॉक्टर ओरडले, "आवर! गाडी काढ!" मेव्हण्याने घाईने गळाची काठी उचलली. लोंबणारा आकडा डॉक्टरांच्या मुठीवरून गेला आणि कवळीच्या तारेत अडकला. कुणाच्या लक्षात यायच्या आत मेव्हण्याने काठीला हिसका दिला. सासूबाईंचे दात डॉक्टरांच्या डोक्यावरून झेप घेत नदीच्या मध्यावर जाऊन पडले.

मेव्हण्याने दोरी बोटाने चाचपून पाहिली.

"दोरीला आहेत," मेव्हणा खोल आवाजात म्हणाला. "दोरीलाच आहेत, भाऊजी. घाबरू नका."

"ओढ! पण हळू ओढ!"

"मला नका शिकवू. क्लच सोडल्यासारखं, अलगद..."

दोरी अलगद येऊ लागली. मधेच ती थांबली, थरथरली आणि सूं करून उलट दिशेने धावली. काठीची कमान झाली.

"मासा लागला!" मेव्हणा आनंदाने किंचाळला.

"माझ्या सासूच्या दातांना?"

"चकाकणारं दिसलं की गिळतात ते! धरा मला!"

डॉक्टरांनी मेव्हण्याची कंबर धरली. मेव्हणा चिखलात घसरला, डॉक्टर त्याच्या मागून घसरले, छत्री एकटीच पुढे निघून गेली. "ब्रेक! ब्रेक!" असे मेव्हणा स्वतःलाच ओरडून सांगत होता. अखेर दोघेही गुडघाभर पाण्यात उभे असताना मासा वर आला. दोघांनी आयुष्यात धरलेल्या सगळ्या माशांपेक्षा मोठा. त्याने जबडा उघडला, तर आतून स्वच्छ, पांढरे, एका ओळीतले दात चमकले.

"हुबेहूब आई!" मेव्हणा म्हणाला आणि त्याने दचकून मागे पाहिले.

गाडीत डॉक्टरांनी कवळी पुसून डोळ्यांशी धरली आणि त्यांचा चेहरा पडला. डाव्या कडेचा एक टवका माशाने उडवला होता.

"संपलं. सगळं संपलं."

"कुणाला दिसतोय टवका?"

"तुझ्या आईला बोटाने दिसतो!"

वाटेत दवाखाना लागला. डॉक्टरांनी कवळी औषधात बुडवली, फुटलेली कड कानशीने घासून गुळगुळीत केली आणि पुन्हा बुडवली. यापलीकडे काही करायला वेळ नव्हता.

पाचच्या ठोक्याला दोन चिखलाचे पुतळे सासूबाईंच्या दारात उभे राहिले. डबी टेबलावर होती आणि सासूबाई तिच्याकडे संशयाने पाहत होत्या.

"यात मघापासून काहीतरी चळवळ चाललीय," त्या म्हणाल्या.

"आई, हे बघ!" मेव्हण्याने मासा त्यांच्या नाकासमोर धरला. त्या मागे सरकल्या आणि तेवढ्यात डॉक्टरांनी एक डबी उचलून दुसरी ठेवली. बायकोने ते पाहिले. नवऱ्याकडे असे पाहिले, की रात्रीचा कार्यक्रम ठरून गेला.

सासूबाईंनी कवळी बसवली. ओठ मिटले. जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. जीभ डाव्या कडेवर नेली आणि तिथे ठेवली. डॉक्टरांना खिडकीतून समोरच्याची पाटी दिसल्यासारखी वाटली, वास्तविक ती तिथून दोन मैलांवर होती.

"बोचत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"अं?"

"मी म्हणत होते तिथलाच तुकडा काढलात. नेमका तेवढाच. इतके दिवस ऐकत नव्हतात, आज कुणी समजावलं?"

"एक... तज्ज्ञ भेटले," डॉक्टर म्हणाले. मेव्हणा तोंडात रुमाल कोंबून स्वयंपाकघरात पळाला.

संध्याकाळी मासा तळला गेला. सासूबाईंनी कितीतरी महिन्यांनी नीट चावून खाल्ले. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. मग घास घोळवत त्या थांबल्या आणि कपाळाला आठी पाडून ताटाकडे पाहू लागल्या.

"काय गं आई, काटा लागला?" मुलीने विचारले.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "पण काही केल्या कळत नाही, या माशाला मी आधी कुठेतरी भेटलेय."