अप्पांची फटफटी आणि माझं भाषण

मी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवालाही माघार घ्यावी लागते! गेल्या महिन्यात आमची फटफटी मी वाचवली. अगदी एकटीने! (दिनानाथ मास्तरांना मात्र हे विचारायला जाऊ नका.)

आमचे अप्पा म्हणजे दिपोटीसाहेब. तालुक्यातल्या सगळ्या मराठी शाळा तेच तपासतात. त्यांची फटफटी मिलिटरीच्या लिलावातली. सुरू होताना दमेकरी म्हाताऱ्यासारखी खोकते, मग अशी गर्जते की माडांवरचे कावळे थेट समुद्रावर पोचतात! तिच्या टाकीवर बसून मी लहानाची मोठी झाले. मॅट्रिक झालीस की चालवायला शिकवीन, असं अप्पांनी कबूलही केलंय.

आणि पनवेलचा एक व्यापारी नवी फटफटी घेऊन आमच्या नांदगावला हजर! लांब पल्ल्याची. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच, बैठक गादीसारखी. आवाज म्हणाल तर मांजर जास्त करतं! आमची जुनी बदल्यात घेऊन तो ही नवी देणार होता.

"हिच्यावरून कोल्हापूर गाठता येईल हो!" आई म्हणाली.

"तू बसशील?" अप्पांनी विचारलं.

"अंबाबाईसाठी बसेन. त्या खटाऱ्यावर मात्र नाही. एकदा मागे बसले तर दोन दिवस ऐकू येईना!"

अप्पांनी जुनीच्या हँडलवरून हात फिरवला. "रविवारी सांगतो."

मी शाळेत दिनानाथ मास्तरांना बातमी दिली. त्यांच्या हातातली तपकिरीची डबीच पडली!

"विकणार? अगो अनू, मग साहेब आले हे आम्हांला कळायचं कसं?"

खरंच की! अप्पा काशीदच्या घाटीत असतानाच फटफटी आमच्या वर्गात ऐकू येते. तेवढ्या वेळात डबी लपते, फळ्यावर त्रैराशिक चढतं, नाकं पुसली जातात, गैरहजर पोरं आंब्यावरून उतरवली जातात. सगळ्या शाळांची हीच रीत! आणि अप्पा बिचारे खूश, आपला तालुका जिल्ह्यात पहिला म्हणून!

"मास्तर, सगळ्या शाळांच्या मास्तरांना घेऊन रविवारी घरी या. बोलायचं माझ्यावर सोडा!"

रविवारी बारा मास्तर आले, हार-नारळ घेऊन. हार घातला तो फटफटीला! व्यापारी बघतच राहिला.

"सायेब," अप्पांचा पट्टेवाला धर्माजी म्हणाला, "मानसाच्या सत्काराला पन येवढी गर्दी न्हाय व्हत!"

अप्पांचे डोळे भरून आले. "पण माझ्या गाडीवर तुमचा एवढा जीव का?"

बाराही मास्तर जमिनीकडे बघू लागले. "म्हणजे... साहेब... जुनी वस्तू..."

आता माझीच पाळी! मी ओट्यावर चढले.

"अप्पा, ही नुसती फटफटी नव्हे, तालुक्याची घंटा आहे! ही लांबून गर्जली की आमच्या फळ्यावर गणित उमटतं! राजपुरीची पोरं अंघोळ करतात! बोर्लीचे मास्तर सदरा घालतात! ही गेली तर शिक्षणाचं काय होईल?"

मी टाळ्यांसाठी थांबले. एकही वाजली नाही. दिनानाथ मास्तर आमच्या विहिरीकडे बघत होते, खोली अजमावावी तसे.

अप्पांनी एकेका मास्तरांकडे पाहिलं. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "माफ करा. ही सोडता येणार नाही. हिचा एवढा उपयोग मला माहीतच नव्हता!"

जिंकले! मी टाकीला कडकडून मिठी मारली.

"गेलं माझं कोल्हापूर!" आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

सोमवारी धर्माजीने फटफटी हाणली. अप्पा मागे बसले. "पाठ धरलीय जरा," म्हणाले. गर्जना आगरदांड्याकडे विरून गेली.

"दिपोटी गेले आगरदांड्याला!" मी वर्गात जाहीर केलं. मास्तरांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि डोळे मिटले. मी टेबलावर चढून अप्पांची नक्कल सुरू केली. "मुलांनो, गंगा कुठे उगम पावते?" वर्ग पोट धरधरून हसत होता. एकदम चिडीचूप झाला.

दारात अप्पा! गावाबाहेरच्या वळणावर उतरून माडांच्या वाड्यांमधून चालत आलेले! तिकडे धर्माजी एकटाच गर्जत चालला होता आणि आगरदांड्याची पोरं उगाचच अंघोळ करत होती.

अप्पांनी शेरेबुक मागवलं. शेरा अजून तिथे आहे, हवं तर बघून या:

"विद्यार्थी: हसताना आढळले. शिक्षक: झोपेत. सातवीतील एक मुलगी वक्तृत्वात फारच पुढे आहे. तिला मागच्या बाकावर बसवावे."