भगवंतरावांनी नागपूर लिहिलं

कागद सकाळपासून ओसरीतल्या बाजेवर पडून होता आणि घरातली माणसं त्याला वळसा घालून जात होती. तो चावेल असं कोणी उघडपणे म्हणत नव्हतं. पण भगवंतराव घाटोळ्यांनी त्याच्यावर अडकित्ता ठेवला होता. उडू नये म्हणून की पळू नये म्हणून, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

कागद त्यांची मुलगी नलिनी सौसरच्या शाळेतून घेऊन आली होती. रामाकोन्याहून रोज छोट्या रेल्वेगाडीनं सौसरला जाऊन मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती गावातली पहिली मुलगी. वर्गातही पहिली. त्यामुळे ती काही बोलू लागली की भगवंतराव मोठ्या अभिमानानं ऐकत आणि लगेच विषय बदलत. वैशाखात तिचं लग्न करून टाकायचं, लोधीखेड्याच्या बापूजींच्या मोरेश्वराशी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नलिनीला नागपूरच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. हे तिनंही मनाशी पक्कं केलं होतं. घरात दोन मनं होती आणि दोन्ही गप्प होती.

कागदावर मथळा होता, 'मॅट्रिकनंतर काय?' खाली सहा प्रश्न. पहिले तीन नावगावाचे. चौथा असा: 'मुलास अथवा मुलीस पुढील शिक्षणासाठी कोठे पाठविणार? नागपूर, जबलपूर, अन्य, की शिक्षण थांबविणार?' सर्वांत खाली पालकाच्या सहीची रेघ.

भगवंतरावांनी कागद तीनदा वाचला. मग उन्हात धरला. मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. कोरी बाजू त्यांना जास्त संशयास्पद वाटली.

"पोरीचं नुसतं निमित्त हाय," ते म्हणाले. "माही पोरगी कुठं जाते, याच्याशी सरकारले काय करा लागते?"

"अवो, सरकारचा नाई, मास्तरचा कागद हाय तो," कलाबाई चुलीपासून बोलल्या.

"मास्तरले पगार कोन देते?"

"सरकार."

"मंग कागद कोनाचा?"

"मास्तरचा," कलाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

ते छप्पन सालचे माघातले दिवस होते. राज्यांची फेरमांडणी व्हायची होती. सौसर-पांढुर्ण्याचा पट्टा विदर्भाबरोबर नागपूरकडे जाणार की जबलपूरवाल्यांबरोबर राहणार, हे दिल्लीत ठरत होतं. रामाकोन्यात ते रोज ठरत होतं आणि रोज वेगळं. वर्षभर निवेदनांवर सह्या करून करून गावाचं अक्षर सुधारलं होतं. अशा दिवसांत प्रश्न विचारणारा आणि खाली सहीची रेघ असलेला कागद घरात आला, तर तो मुलीच्या शिक्षणाबद्दल असेल असं मानायला माणूस फारच भोळा असावा लागतो. रामाकोन्यात तसा एकही नव्हता.

भगवंतराव कागद धोतराच्या कनवटीला खोचून गुणवंताच्या पानठेल्यावर गेले. गुणवंता पान लावताना कधी कोणाकडे बघत नसे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं असा समज होता. त्यानं कागदाकडेही न बघता निकाल दिला.

"गुप्त मोजनी हाय, काका. सीधं विचारलं तं लोक बोंबलते. म्हनून पोराइच्या नावानं विचारून राहिले. ज्यानं नागपूर लिहिलं त्याचं घर नागपुरात. जबलपूर लिहिलं त्याचं जबलपुरात."

"अन् 'अन्य' म्हंजे?"

"हैदराबाद असन."

"अन् 'शिक्षण थांबविणार'?"

गुणवंतानं चुना लावता लावता हात थांबवला. "त्याइले कोनीच घेत नाई," तो हळूच म्हणाला.

भगवंतरावांनी कागद पुन्हा कनवटीला खोचला. त्यांची संत्री नागपूरच्या बाजारात जात होती, दोन्ही बहिणी काटोलात होत्या, आणि आयुष्यात एकदाच ते जबलपूरला गेले होते तेव्हा त्यांचा जोडा चोरीला गेला होता. प्रश्न उरलाच नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी दौत मागितली. नलिनीनं ती लगेच आणली. जरा जास्तच लगेच.

"बाबा," ती साधेपणानं म्हणाली, "जबलपूर लिहा ना. वर्गातली रजनी तिकडंच चालली."

"जबलपूर? माह्या घरात, माह्या दौतीनं?"

"नाई, म्या आपलं म्हनलं. तिकडचं कॉलेजबी बरं हाय म्हनते."

"तुले कायचं कॉलेज सुचते, अन् इथं मुलूख चालला हातचा!"

ते तडक चावडीवर गेले. पंधरा-वीस माणसं जमली. भगवंतरावांनी आधी जबलपूर खोडलं, इतक्या जोरात की कागद तिथं फाटला. मग मोठ्या अक्षरांत 'नागपूर' लिहिलं. पुढे 'सहकुटुंब' असं जोडलं. मग सही केली, आणि सरकार पुढे नाही म्हणू नये म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. त्यातला एक पोलीसपाटील होता.

"लिहिलं ते लिहिलं!" ते चावडीच्या पायरीवरून म्हणाले. "आता ह्या भगवंतराव घाटोळ्यानं हा शब्द खोडला, तं गावानं त्याले पानी पाजू नये!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे मुलींच्या घोळक्यात नलिनी उभी होती. तिनंही वाजवल्या.

सौसरला श्रीधर कोलते मास्तरांनी हे पत्रक फार निर्मळ मनानं काढलं होतं. ते वर्ध्याहून नवे आले होते, चोवीस वर्षांचे होते, आणि मुलांनी मॅट्रिकनंतर काय करावं याचा आईबापांनी परीक्षेआधी दोन महिने विचार करावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सतरा घरी सतरा पत्रकं गेली. परत आली त्यात एकावर सगळी उत्तरं होती पण नाव नव्हतं. एकावर नाव होतं पण उत्तरं नव्हती. एका वकिलाच्या कारकुनानं सही ओळखू येते म्हणून अंगठा दिला होता. एकानं सहाही प्रश्नांपुढे 'विचारून सांगतो' असं लिहिलं होतं, आणि पत्रकाची नक्कल विचारायला नागपूरला पाठवली होती.

अशा ढिगात भगवंतरावांचा कागद पाहून मास्तरांचे डोळे भरून आले. एक बाप असा, जो मुलीला नागपूरला शिकवायला निघाला आहे, चावडीवर, दोन साक्षीदारांसह! 'सहकुटुंब' त्यांना नीट कळलं नाही, पण सोडायला सगळे जाणार असतील असं त्यांनी धरलं. त्याच दिवशी त्यांनी नागपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाला पत्र टाकलं, सोबत मूळ कागद जोडला. वसतिगृहाच्या बाईंनाही असा कागद पूर्वी कधी आला नव्हता. पंधरा दिवसांत उत्तर आलं, आणि कागदही परत आला: परीक्षा पास होताच जागा नक्की.

ते उत्तर घेऊन मास्तर सायकलीवरून रामाकोन्याला आले, तेव्हा ओसरीत लोधीखेड्याचे बापूजी बसले होते. बापूजींचं कापसाचं दुकान होतं. त्यांचा मोरेश्वर सौसरच्याच शाळेतून मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसत होता आणि आता बाकाला त्याचा आकार आला होता. बापूजी लग्नाची तिथी काढायला आले होते. मास्तरांना पाहून बापूजींनी पान तोंडात टाकलं.

"एकटेच आले का, मास्तर?" भगवंतरावांनी त्यांच्या पाठीमागे बघत विचारलं.

"एकटाच. बातमीच अशी आहे. नागपूरची जागा पक्की झाली!"

भगवंतराव उठूनच उभे राहिले. "झाली? पूर्ण तहसील, का फक्त रामाकोना?"

"फक्त नलिनी," मास्तर म्हणाले.

 बापूजींनी पान तोंडात तसंच धरलं.

"नलिनी कुठं?"

"वसतिगृहात. तुम्हीच तर लिहून दिलंत, मुलीला नागपूरला शिकायला पाठवणार म्हणून."

"मतलब," भगवंतराव एकेक शब्द चाचपत म्हणाले, "त्या कागदात जे लिहिलं होतं, तेच विचारलं होतं?"

"हो. दुसरं काय विचारणार?"

"हा तं सरासर धोका हाय!" भगवंतराव ओरडले. "सरकार असं कधीपासून करून राहिलं?"

आवाज ऐकून शेजारी आले. शेजाऱ्यांना पाहून चावडी आली. बापूजी हळूहळू तापत होते.

"म्हंजे आमाले तिथी काढाले बोलावता, अन् तिकडं पोरीची खोली ठरवता? काय समजावं आमी?"

"बापूजी, थांबा. खोडून टाकतो," भगवंतराव म्हणाले. "द्या मास्तर, तो कागद."

मास्तरांनी पडलेल्या चेहऱ्यानं पिशवीतून कागद काढला. दाराआड नलिनी उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो पाहुण्यांना द्यायचं ती विसरली होती. भगवंतरावांनी टाक उचलला, तेवढ्यात पोलीसपाटलानं त्यांचा हात धरला.

"भगवंतराव, काय खोडून राहिले?"

"नागपूर."

"आपल्या सह्या हायेत खाली. साक्षीदाराले न विचारता?"

"अरे, तो सरहद्दीचा कागदच नाई! माह्या पोरीच्या शिक्षनाचा हाय!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग साक्षीदार नंबर दोन समजुतीनं म्हणाला, "हेच सांगाले तं मास्तरले धाडलं असन ना, काका. जबलपूरवाल्याइले रामाकोन्याचं नागपूर जड होऊन राहिलं असन. म्हनून तुमच्या हातानं खोडून घेऊन राहिले."

"तिकडून काई भेटलं का, काका?" मागून कोणीतरी विचारलं.

भगवंतरावांनी टाक मागे घेतला. पंधरा दिवसांपूर्वी हेच लोक टाळ्या वाजवत होते. "बरं, नागपूर तसंच ठेवतो, खाली 'शिक्षण थांबविणार' लिहितो," ते म्हणाले.

गर्दीतून गुणवंता पुढे आला. तो पहिल्यांदाच थेट कोणाकडे तरी बघत होता. "काका, त्याइले कोनीच घेत नाई. आमचं गाव हवेत लटकवता का?"

"हे तमाशे तुमचे तुमी पाहा," बापूजी उठले. "मले एक सांगा, पोरगी देता की नाई? माहा एकुलता एक पोरगा हाय."

मास्तर चमकले. त्यांनी पिशवीतला गठ्ठा काढला, पानं उलटली, आणि एक कागद पुन्हापुन्हा वाचला. "पण बापूजी, तुम्ही तर पहिल्याच प्रश्नापुढे लिहिलंय, 'आम्हांस मुलगा नाही.' मोरेश्वरानं स्वतः आणून दिलं मला. सहीसुद्धा आहे तुमची."

सगळ्या माना बापूजींकडे वळल्या.

"ते आपलं सरकारपुरतं," बापूजी खाकरून म्हणाले. "म्या म्हनलं, पोरं मोजून राहिले, तं फौजेत घेते का काय..."

भगवंतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं. एवढ्या लोकांसमोर अब्रू वाचवायला मिळालेली ही एकच वाट होती, आणि ती लोधीखेड्यातून जात होती.

"बापूजी," ते फार शांतपणे म्हणाले, "मी लेकीचा बाप हाव. ज्या घरी पोरगाच नाई, असं लिहून हाय, सही हाय, त्या घरी पोरगी कशी देऊ? उद्या कोनी कागद काढला तं?"

पोलीसपाटलानं मान हलवली. कायद्यानं त्याला यात चूक दिसत नव्हती.

बापूजी जोडा घालून निघून गेले. नलिनीनं तांब्या मास्तरांना दिला. मास्तरांनी तो एका दमात संपवला.

मॅट्रिक पास होऊन आषाढात नलिनी नागपूरला गेली. गावानं तिला छोट्या गाडीवर मिरवत पोचवलं. रामाकोन्याचा पहिला माणूस नागपुरात रुजू होतोय, असंच बहुतेकांना वाटत होतं, आणि भगवंतरावांनी त्यांचा समज मोडला नाही. घरी आल्यावर ते आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. कलाबाईंना वाटलं, राग आहे. तो राग नव्हता.

एक नोव्हेंबरला रेघ पडली. नागपूर पलीकडे मुंबई राज्यात गेलं आणि रामाकोना अलीकडे मध्यप्रदेशात राहिला. पानठेल्यावर गुणवंतानं दोन दिवस पानं लावली नाहीत.

पुढच्याच आठवड्यात कोलते मास्तर वसतिगृहाचं पत्र घेऊन आले. परराज्यातल्या मुलींच्या पालकांनी लेखी कळवावं: मुलगी इथंच शिकणार, की तिला आपल्या राज्यातल्या कॉलेजात नेणार? ओसरीत या वेळी भगवंतराव, कलाबाई आणि मास्तर एवढेच होते. चावडी नव्हती, साक्षीदार नव्हते. खोडायला कोणी हात धरला नसता.

मास्तर धीर करून म्हणाले, "भगवंतराव, आता तुमच्यावर कोणाची सक्ती नाही. हा कागद खरोखर शिक्षणाचाच आहे."

"माहीत हाय मले."

भगवंतरावांनी दौत ओढली आणि एकदाच, फाटू न देता, 'नागपूर' लिहिलं. मास्तरांना गहिवरून आलं. शिक्षणाबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"तसं काई नाई, मास्तर," भगवंतराव दाराबाहेर कोणी नाही याची खात्री करून, आवाज खाली आणत म्हणाले. "एवढं मोठं राज्य इकडचं तिकडं केलं यांनी. आता तिकडं काय करून राहिले ते पाहाले आपल्या घरचं एखादं शिकलेलं मानूस नको का?"